बराफूची चारशे मिलिलिटर गळती

माणूस पाण्यावाचून तीन दिवस काढू शकतो, अन्नावाचून तीन आठवडे. पण फॉर्मावाचून त्याला एक दिवससुद्धा काढता येत नाही. निदान किलिमांजारोवर तरी येत नाही. हे मी अनुभवाने सांगतो, कारण गेली सतरा वर्षं मी या डोंगरावर पोटाचा इंजिनियर आहे. (खाली मोशी शहरात याच कामाला वाढपी म्हणतात. जसजसं वर जावं तसतशी हवा विरळ होते आणि हुद्दे दाट.) नाव नाताएली मिंजा, मुक्काम किबोशो, कामाचं स्वरूप: पाहुण्यांच्या पोटात अन्न आणि पाणी पोचवणं आणि पोचल्याची नोंद घेणं. यातलं दुसरं काम अधिक महत्त्वाचं.

दररोज संध्याकाळी सहा वाजता जेवणाच्या तंबूत प्रत्येक पाहुण्याचा फॉर्म भरला जातो. डोकं किती दुखतंय, दहापैकी. भूक किती आहे, दहापैकी. झोप, शौच, दिवसभरात पाणी किती लिटर, असे एकूण पंधरा रकाने. फॉर्म भरून झाल्याशिवाय सूप वाढायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे भुकेचा आकडा नेहमी चांगला येतो.

प्रत्यक्षात भुकेची परिस्थिती नाजूक असते. माझ्या पाहणीप्रमाणे चार हजार मीटरच्या वर शंभरातल्या एकसष्ट पाहुण्यांची भूक मरते, तिसांची चव मरते, आणि उरलेले नऊ जण चीज आहे का विचारतात. अशा लोकांना सहा दिवस जगवून खाली आणायचं, ही गोष्ट येरागबाळ्याची नव्हे. त्यासाठी आमच्याकडे कुंडाएली म्तुई आहेत. बावीस वर्षं मुख्य स्वयंपाकी. दोन स्टोव्ह, एक मोठं पातेलं आणि आल्याचं पोतं एवढ्या भांडवलावर हा माणूस वादळात पॅनकेक भाजतो. सहा दिवसांत ते सहा सूपं करतात: गाजराचं, भोपळ्याचं, काकडीचं, पातीच्या कांद्याचं, भाज्यांचं आणि आजचं विशेष. सहाही एकाच पातेल्यात एकाच हाताने होतात आणि मुख्य फरक रंगात असतो. खाली गेल्यावर पाहुणे हमखास लिहितात की तिसऱ्या दिवशीचं सूप सर्वांत रुचकर होतं. (तिसऱ्या दिवशी सगळ्यांचंच डोकं दुखत असतं.)

आम्ही नोकर मंडळी उगाली खातो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकी मासळी. ती खाऊन वीस किलो उचलता येतात. सूप पिऊन फक्त स्वतःला उचलता येतं, तेही काठीच्या आधाराने.

पाण्याची व्यवस्था तर पाहण्यासारखी आहे. ओढ्यातून आणलेलं पाणी आधी उकळतात, मग गाळतात, मग त्यात गोळी टाकतात. त्यानंतर पाहुणे आपापल्या पिशवीतून निळ्या उजेडाची एक कांडी काढून ती पाण्यात फिरवतात. चार वेळा शुद्ध झालेलं पाणी पाहुणा ओठांजवळ नेतो आणि मला विचारतो, हे पाणी शुद्ध आहे ना? मी हो म्हणतो. ही पाचवी पायरी.

एवढं सगळं असूनही एक अडचण राहते, ती बराफूची. बराफू हा शिखराखालचा शेवटचा तळ. आमच्या बोलीत बराफू म्हणजे बर्फ, आणि नावाप्रमाणे बर्फ तिथून दिसतोही छान. प्यायला मात्र थेंब नाही. शेवटचं पाणी खाली करांगाच्या घळीत. तिथून वीस-वीस लिटरचे पिवळे कॅन डोक्यावर घेऊन हमाल साडेतीन तास चढतात, आणि ते वर पोचले की बराफूला नदी पोचली असं समजायचं. दर खेपेला अकरा कॅन.

आता कुंडाएली बाबांचा एक रिवाज. कॅन घेऊन हमाल तळावर आला, ओझं खाली ठेवलं, की बाबा स्वतः बूच उघडतात, पत्र्याचा मग भरतात आणि आणणाऱ्याच्या हातात देतात. तो तिथेच उभ्याने पितो. तो पिऊन होईपर्यंत त्या कॅनमधला थेंब स्वयंपाकाला लागत नाही. हा रिवाज आमच्या गावच्या पाटाचा. करांगाचा हाच ओढा खाली उतरून पाटापाटाने आमच्या केळीच्या बागांत येतो, आणि पाटाच्या मुखापाशी ज्याने गाळ उपसून पाणी वाहतं केलं, पहिली ओंजळ त्याची, मग केळीची, मग गावाची. उपशाला जो आला नाही त्याने केळ्याच्या दारूचं मडकं दंड म्हणून आणायचं. (गावात गैरहजेरी कधी फारशी झाली नाही, झाली तर लोकांना वाईट वाटायचं नाही.) कुंडाएली बाबांचे वडील त्या पाटाचे पंच होते. बाबांनी पाट सोडला, डोंगर धरला, रिवाज तेवढा वर घेऊन आले.

बावीस वर्षं कुणाची हरकत नव्हती, कारण बावीस वर्षं कुणी मोजलं नव्हतं.

गेल्या मोसमात कंपनीने जलनियोजन अधिकारी नेमला. गॉडलिसन स्वाई, वय एकतीस, माचामे गावचा मुलगा, दार-एस-सलामची पदवी. (आमच्याकडे आईबाप पोराचं नाव ठेवतानाच देवाला थेट सूचना देऊन टाकतात: देवा, ऐक.) देव ऐकत असेल नसेल, गॉडलिसन साहेब मात्र कुणाचं ऐकण्याआधी मोजत असत. त्यांच्याकडे रेघा आखलेलं एक मापी भांडं होतं आणि गळ्यात शिट्टी. मी त्यांची थट्टा करतोय असं कुणी समजू नये. इतका प्रामाणिक अधिकारी मी पाहिलेला नाही, आणि प्रामाणिक माणसाच्या हाती मापी भांडं आलं की काय होतं तेही मी आधी पाहिलं नव्हतं.

पहिल्याच पाहणीत साहेबांना आढळलं की करांगाला वीस लिटर भरलेला कॅन बराफूला एकोणीस पूर्णांक सहा भरतो. अकराच्या अकरा कॅन, प्रत्येकी चारशे मिलिलिटर कमी. त्यांनी आधी बाष्पीभवन धरलं. मग बुचं तपासली. मग रिकामे कॅन उन्हाकडे धरून भोकं शोधली. पुढे हवेच्या दाबावर दोन पानं लिहिली. मोसमात चौसष्ट मोहिमा, म्हणजे एकूण गळती दोनशे एक्याऐंशी पूर्णांक सहा लिटर: चौदा कॅन आणि वर चार मग. या सगळ्या काळात तो पत्र्याचा मग त्यांच्या डोळ्यांसमोर भरला जात होता, प्यायला जात होता आणि धुऊन उपडा ठेवला जात होता. त्यांनी आम्हाला विचारलं नाही, म्हणून आम्ही सांगितलं नाही. शेवटी हैराण होऊन त्यांनी मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की साहेब, पाणी आहे, प्यायलं जातं.

कुंडाएली बाबांना मोशीच्या कचेरीत बोलावणं आलं. मी सोबत गेलो. साहेब खुर्चीवरून उठले, वडीलधाऱ्याला करतात तसा 'शिकामू, बाबा' म्हणून नमस्कार केला, बाबांनी 'मरहबा' म्हणून तो घेतला, तब्येतीची, केळीची, नातवंडांची विचारपूस झाली, आणि मग साहेबांनी दोन्ही हातांनी नोटीस दिली. आमच्याकडे नोटीससुद्धा रीतीने देतात. पुढच्या मोहिमेत गळती शून्यावर आली नाही, तर कुंडाएली म्तुई यांची बदली कंपनीच्या मोशीतल्या हॉटेलात, न्याहारी विभागात, अंडी उकडण्यासाठी करण्यात येईल.

बाबांनी नोटीस घडी करून खिशात ठेवली आणि एवढंच म्हणाले की आणणारा प्यायल्याशिवाय पाणी पोचत नाही. साहेबांनी फार आदराने विचारलं, हे कुठे लिहिलंय? पाटावर कुणी लिहीत नाही.

परतताना आम्ही बसमध्ये शेजारी बसलो. सपाटीवर अंडं किती मिनिटांत उकडतं हे कुणालाही कळतं. चार हजार सहाशे मीटरवर किती मिनिटांत, हे जाणणारा माणूस न्याहारी विभागात फुकट जाणार होता. मला वाईट वाटत होतं. म्हणालो, बाबा, एक मोहीम सोडा की तो मग, एकच तर मोहीम.

"नाताएली," ते म्हणाले, "मला खाली झोप येत नाही रे. तिथे हवा फार आहे."

म्हणून त्यांनी कंपनीच्या हमीपत्रावर सही केली. बराफूला कोणताही हमाल कॅनमधलं पाणी पिणार नाही.

मोहीम निघाली. पाहुणे चार, सगळे बेल्जियमचे. त्यांतल्या लीव्ह बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि रोज संध्याकाळी फॉर्म भरण्याआधी त्यातलं शुद्धलेखन सुधारत. साहेब स्वतः सोबत आले होते. दर तासाला शिट्टी वाजायची आणि सगळ्यांनी थांबून ठरलेलं पाणी प्यायचं, तहान असो वा नसो. आकडे झकास आले. माणशी चार लिटर. पाहुण्यांचा निम्मा दिवस पाणी पिण्यात आणि उरलेला निम्मा खडकाआड जाण्यात जाऊ लागला, त्यामुळे चाल मंद झाली. मंद चाल उंचीवर तब्येतीला चांगली असते, म्हणून तेही यशातच धरलं गेलं.

पाचव्या दिवशी करांगाच्या घळीत साहेबांनी अकरा कॅन काठोकाठ भरून घेतले, प्रत्येक बुचाला तार गुंडाळली आणि तारेला शिशाचं सील ठोकलं. हमालांसाठी वेगळी सोय होतीच: प्रत्येकाने आपली बाटली आपणच भरून घ्यावी, ती पुरवणं ही ज्याची त्याची जबाबदारी. कागदावर हे अगदी न्याय्य दिसत होतं. कागदाला चढ नसतो.

ओढा ओलांडताना फानुएल लिमो घसरला. कॅन वाचला, गुडघा गेला. फानुएल दगडावर बसून राहिला आणि अकरावा कॅन त्याच्या शेजारी. आमचे वाटाडे अमिनिएल तारिमो म्हणाले की दहा पुरतील, चला. साहेबांनी फॉर्म दाखवला. फॉर्मवर अकरा होते. मग तो कुणी उचलायचा? प्रत्येक हमालाच्या डोक्यावर बरोबर वीस किलो होते आणि वीसच्या वर छटाकभरसुद्धा चढवायचं नाही असा कडक नियम, तोही साहेबांनीच आणलेला. माझ्या पाठीवर टेबल, अंडी आणि लाह्यांचं भांडं. सगळ्या घळीत रिकाम्या पाठीचा माणूस एकच होता आणि त्याच्या गळ्यात शिट्टी होती.

साहेबांनी कॅन उचलला. यात मला कौतुकाशिवाय काही म्हणायचं नाही. दुसरा कुणी असता तर त्याने अकराचे दहा केले असते. दुसरा एक खोडून शून्य करायला कितीसा वेळ लागतो? लहानपणी पाटावरून घरी पाणी त्यांनीही नेलं असणार, पण ते वय आणि हे वय यांच्या मध्ये एक पदवी होती. बाकीचे पुढे गेले. फानुएलला खाली नेणारी माणसं येईपर्यंत मी थांबलो आणि मग साहेबांच्या मागून चालू लागलो.

पहिल्या तासाला त्यांनी शिट्टी वाजवली आणि आपल्या बाटलीतलं ठरलेलं पाणी प्यायलं. दुसऱ्या तासाला वाजवली आणि बाटली संपली. ऊन वर आलं होतं आणि वाऱ्यात राखेसारखी धूळ होती. तिसऱ्या तासाला त्यांनी सवयीने शिट्टी ओठांत धरली, पण ओठ इतके सुकले होते की आवाज फुटला नाही.

"नाताएली, घोटभर असेल का तुमच्याकडे?"

"माझी बाटली फानुएलपाशी ठेवून आलो, साहेब."

थोडं चाललो. मग मीच म्हणालो, "डोक्यावर वीस लिटर आहे की."

"त्याला सील आहे."

"सील तुमचंच आहे."

"म्हणून तर," साहेब म्हणाले, आणि पुढे अर्धा तास तसेच चढत राहिले. त्या अर्ध्या तासात मला तो माणूस आवडला. इतक्या उंचीवर इतका सरळ मूर्खपणा सहसा टिकत नाही.

वर काय झालं होतं ते मला नंतर तारिमोंनी सांगितलं. दहा हमाल एकामागून एक आले, दहा कॅन स्वयंपाकाच्या तंबूसमोर ओळीने ठेवले आणि सवयीने उभे राहिले. पत्र्याचा मग पुढे आला नाही. कुंडाएली बाबा त्यांच्याकडे पाठ करून कांदे चिरत बसले होते. कांदे चिरून झाले, गाजरं चिरून झाली, भोपळाही चिरून झाला. स्टोव्ह मात्र त्यांनी पेटवला नाही. तारिमोंनी विचारलं, पाहुणे कधीचे आलेत, सूप कुठेय? बाबा म्हणाले, पाणी अजून आलेलं नाही. तारिमोंनी ओळीतल्या कॅनांकडे बोट दाखवलं. बाबा म्हणाले, हे कॅन आले आहेत, पाणी वाटेत आहे. हमाल पिणार नाहीत अशी सही मी केली आहे. वाटेतलं पाणी चुलीवर ठेवीन अशी केलेली नाही.

कंपनीच्या वहीप्रमाणे त्या क्षणी बराफूला दोनशे लिटर पाणी होतं आणि गळती शून्य होती. बाबांच्या वहीप्रमाणे (अशी वही नाही) तिथे थेंब नव्हता. मधल्या मोकळ्या जागेत चौदा माणसं तहानलेली बसली होती: दहा हमाल, चार पाहुणे. पाहुण्यांना निदान कारण माहीत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा साहेबांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. त्यांनी मान वाकवून कॅन ओळीच्या शेवटी ठेवला आणि तसेच गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. बाबांनी चाकू खाली ठेवला. आपली बदली, अंडी, नोटीस यांतलं त्यांना त्या वेळी काही आठवलं असेल असं मला वाटत नाही. समोर आणणारा उभा होता. त्यांनी सांडशीने तार तोडली, पत्र्याचा मग भरला आणि साहेबांपुढे धरला.

"घे, पोरा."

साहेबांनी मग दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता रिकामा केला. बाबांनी दुसरा भरला. तोही गेला. पाणी त्यांच्या हनुवटीवरून शर्टात उतरत होतं. दुसरा मग खाली घेताना त्यांची नजर तुटलेल्या सीलवर गेली आणि तिथून ओळीने उभ्या असलेल्या दहा माणसांवर. दहाच्या दहा जण त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता. पाणी पोचल्याचं समाधान होतं, तेवढंच.

साहेबांनी रिकामा मग परत दिला. "बाबा," ते म्हणाले, "सगळ्यांना द्या आधी."

बाबांनी दहाही तारा तोडल्या. स्टोव्ह पेटला. त्या दिवशीचं सूप भोपळ्याचं होतं आणि लीव्ह बाईंनी ते तीनदा घेतलं.

संध्याकाळी मापी भांडं निघालंच. स्वयंपाकाचं पाणी वजा करून दहा कॅनांची गळती प्रत्येकी चारशे मिलिलिटर. अकराव्याची आठशे, कंपनीच्या इतिहासात एवढी मोठी गळती पूर्वी झालेली नाही. गॉडलिसन साहेबांनी ती लिहिली, कॅन वाहणाऱ्याच्या नावासकट लिहिली. मग बराच वेळ पेन चावलं आणि 'गळती' या शब्दावर काट मारून त्यांनी वर लिहिलं: 'आगमन'. गळती शून्य झाली. न्याहारी विभागाला दुसरा माणूस शोधावा लागला. कुंडाएली बाबा वरच आहेत आणि त्यांना झोप छान लागते.

अर्थात, रिवाज एकदा मान्य झाला की त्याला मोकाट सोडून चालत नाही. आता आणणाऱ्याने चारशे मिलिलिटर प्यायचं, कमी नाही, जास्त नाही. पिण्याची वेळ, पिणाऱ्याची सही, पाहणाऱ्याची सही, तीन प्रती. तहान नसेल तर लेखी कळवायचं. हमाल कुरकुरतात की पूर्वी पाणी गोड लागायचं. पाण्याचा प्रश्न नाही. हातात मग आणि पेन दोन्ही असलं की घोट नीट घेता येत नाही.

पाहुण्यांच्या फॉर्मवरही त्याच संध्याकाळी साहेबांनी हाताने रेघ मारून एक रकाना वाढवला. तो सोळावा. 'आज तुम्ही प्यायलेलं पाणी ज्याने आणलं, तो तुमच्याआधी प्यायला का?' लीव्ह बाईंनी तो वाचला, लिहिलं, 'मला माहीत नाही, विचारून सांगते', आणि टोपी घालून हमालांच्या तंबूत विचारायला गेल्या. त्यानंतर आजवर दोनशे पंचावन्न पाहुणे आले. माणसं सगळी चांगली. खाली उतरल्यावर आम्हाला मिठी मारतात, बूट देऊन जातात. सोळावा रकाना दोनशे पंचावन्न जणांनी रिकामा सोडला. रिकामा रकाना आला तर काय समजायचं, याबद्दल साहेबांनी स्पष्ट नियम केला आहे: त्याचं उत्तर 'नाही' असं धरावं.

हे सगळं वाचायला साधारण बारा मिनिटं लागतात. आमच्या कोष्टकाप्रमाणे तेवढ्या वेळात तुम्ही पाव पेला पाणी प्यायला हवं, आणि बहुधा पेला हाताशी असेलही. ते पाणी आपल्या पायांनी तुमच्यापर्यंत आलेलं नाही. कुणीतरी जार खांद्यावर घेऊन जिना चढलं असेल, कुणीतरी पहाटे उठून हंडा भरला असेल, कुणीतरी नुसतं आतून आणून तुमच्यापुढे ठेवलं असेल. सोळावा रकाना तुमच्यासाठी मोकळा ठेवतो आहे. घाई नाही, सावकाश भरा. आणि रिकामा राहिला तरी हरकत नाही. त्याचं काय धरायचं ते आम्हाला ठाऊक आहे.